तोंडपाठ

भारताच्या फुटबॉल संघाने आशियाई चषकाच्या मुख्य स्पर्धेत आजवर १६ सामने खेळले. ३ जिंकले, १ बरोबरीत सुटला, १२ हरले. १२ गोल केले, ३३ खाल्ले. संपला इतिहास. १९५६ पासून ही स्पर्धा १८ वेळा झाली, त्यांतल्या ५ स्पर्धांना आपण होतो. हे सगळं एका पोस्टकार्डावर मावतं आणि खाली ‘थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद’ लिहायला जागाही उरते.

मला या आटोपशीरपणाचं फार अप्रूप आहे. क्रिकेटच्या चाहत्याची मला खरोखर दया येते. त्याच्या संघाने इतकं काही करून ठेवलंय की बिचाऱ्याला साधा वाद घालायचा तरी आधी मोबाइल काढावा लागतो. अमक्याची सरासरी मायदेशात वेगळी, परदेशात वेगळी, दिव्यांच्या उजेडात वेगळी. आमचं तसं नाही. आमचा एकूण एक गोल आम्हाला मालकाच्या नावासकट ठाऊक आहे. अप्पलराजू एक, इंदरसिंग दोन, समाजपती एक, चुनी गोस्वामी एक, गौरमांगी सिंग एक, सुनील छेत्री चार, अनिरुद्ध थापा एक, जेजे एक. मोजून बघा, बारा भरतात. एका दमात म्हणून होतं.

मी कोल्हापूरचा, त्यामुळे फुटबॉल मला कुणी मुद्दाम शिकवावा लागला नाही. आमच्याकडे संघ पेठांचे आणि तालमींचे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावं बाहेरच्या माणसाला पैलवानांची वाटतात आणि त्यात त्याची फारशी चूकही नाही. शाहू स्टेडियमवर दोन पेठा समोरासमोर आल्या की त्या दिवशी घरातली जेवणं मागेपुढे होतात, आणि हरलेल्या पेठेत संध्याकाळी पाहुणा म्हणून जाऊ नये. विश्वचषकाच्या वर्षी तर गल्लीच्या एका तोंडाला मेस्सी उभा राहतो, दुसऱ्या तोंडाला नेमार, आणि सख्खे भाऊ महिनाभर एकमेकांना ‘तुमची टीम’, ‘आमची टीम’ करत बोलतात. भारताच्या संघाचा एवढा मोठा कटआउट मात्र मी अजून पाहिलेला नाही. अर्जेंटिनासाठी वर्गणी निघते. आपल्या संघासाठी काढायची तर आधी तो कुठे खेळतोय हे सांगत फिरावं लागेल.

आमच्या तालमीत एक तात्या आहेत. एके काळी फुलबॅक खेळायचे. आता गुडघे साथ देत नाहीत, तोंड देतं. भारताचा सामना असला की टीव्हीपुढची त्यांची खुर्ची ठरलेली. पोरं येतात, कॅरम खेळतात, जातात. त्यांना आधीच समजावून सांगावं लागतं की हा तो आशिया चषक नव्हे, यात पाकिस्तानशी मॅच नाही. निम्मी तिथेच गळतात. तात्या हलत नाहीत. या इतिहासाचे आमच्या भागातले जाणकार आम्ही दोघंच, आणि दोघांत मी धाकटा.

सुरुवात मात्र या इतिहासाची झोकात आहे. १९६४, इस्रायल, भारत उपविजेता! एवढंच सांगून थांबलं तर समोरचा माणूस चकित होतो. त्याने पुढे काही विचारू नये अशी आपली फार इच्छा असते, पण तो विचारतोच. मग सांगावं लागतं की स्पर्धेत एकंदर चार संघ होते. पात्रता कशी मिळवली म्हणाल तर आणखी पंचाईत. आपल्या गटातल्या बाकीच्यांनी माघार घेतली, म्हणून चेंडूला पाय न लावता आपण मुख्य स्पर्धेत पोचलो. कित्येक देशांना इस्रायलशी खेळायचंच नव्हतं. राजकारणाने त्यांना जे दार लावून घ्यायला लावलं, ते आपल्याला उघडं सापडलं.

पण यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. चौघांत का होईना, दुसरं यायला तिघांशी खेळावं लागतं. आणि त्या तिघांत दक्षिण कोरिया होता, आधीच्या दोन्ही स्पर्धा जिंकलेला. त्याला आपण २-० असं हरवलं. दुसऱ्याच मिनिटाला अप्पलराजूने गोल केला, उत्तरार्धात इंदरसिंगने दुसरा. तारीख होती २७ मे १९६४. तारीख वाचून जाणत्यांनी कपाळाला हात लावला असेल. त्याच दिवशी दुपारी दिल्लीत पंडित नेहरू गेले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत आशियाच्या विजेत्याला हरवल्याची बातमी कोण कुठे छापणार, आणि छापली तरी ती कुणाच्या डोळ्यांत भरणार? आशियाई चषकातला देशाचा पहिला विजय, आणि पेढे वाटायची सोय नाही. आमच्या फुटबॉलचं हे असं आहे. हातून काही चांगलं घडलंच, तर मुहूर्त चुकतो.

दोन दिवसांनी यजमान इस्रायलने आपल्याला २-० असं हरवलं. मग हाँगकाँगला आपण ३-१ असं हरवलं, त्यात इंदरसिंग, समाजपती आणि कर्णधार चुनी गोस्वामी यांचा एकेक गोल. इस्रायलने तिन्ही सामने जिंकले, आपण दोन. हिशेब मिटला.

या चुनीबाबूंचं आम्हा मराठी माणसांशी एक जुनं देणंघेणं आहे. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई खेळांत भारताने फुटबॉलचं सुवर्णपदक जिंकलं तेव्हाही कर्णधार तेच. गडी क्रिकेटही खेळायचा, आणि हौशीपुरतं नव्हे. १९७१-७२ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात ते बंगालचे कर्णधार म्हणून मुंबईत उतरले. समोर मुंबईचाच संघ. मुंबईने १९५८-५९ पासून ओळीने १५ वेळा रणजी जिंकली, त्याच रांगेतलं हे वर्ष. त्या काळात मुंबईविरुद्ध अंतिम सामना खेळायचा म्हणजे उपविजेतेपदाची पावती आगाऊ फाडूनच मैदानात उतरायचं. तर चुनीबाबू दोन खेळांत दोनदा कर्णधार म्हणून दुसरे आले. पहिल्या वेळी इस्रायलने हात दिला, दुसऱ्या वेळी आपण.

१९६४ नंतर पुढची पाळी आली ती थेट १९८४ ला, सिंगापूरमध्ये. तिथे चार सामने खेळलो आणि एकही गोल केला नाही. सिंगापूरकडून ०-२, संयुक्त अरब अमिरातीकडून ०-२, चीनकडून ०-३. पण मध्ये इराणशी ०-० आहे. या ०-० वर मी आणि तात्या अख्खी संध्याकाळ काढू शकतो. इराण म्हणजे १९६८, १९७२ आणि १९७६ असा लागोपाठ तीनदा आशिया जिंकलेला संघ. आपल्या गोलात अतनू भट्टाचार्य. आणि निकाल कोरा. सोळा सामन्यांत बरोबरी अशी ही एकच, त्यामुळे तिला आमच्या घरात एकुलत्या एका लेकीचं स्थान आहे.

“आपल्याला गोल मारता आला न्हाई, हे झालं,” तात्या म्हणतात. “पण आपण कोण? आपल्याकडनं अपेक्षा काय? त्यास्नी मारता आला न्हाई. मग हरलं कोण?”

या युक्तिवादातली खोट मला दिसते, पण ती दाखवायची माझी कधी इच्छा झाली नाही.

त्या वेळी आपले प्रशिक्षक होते यूगोस्लाव्हियाचे मिलोवान चिरिच. हे नाव एका कोपऱ्यात ठेवून द्या, पुढे लागणार आहे.

मग पुन्हा मोठी रजा. १९८४ नंतर एकदम २०११. एवढ्या काळात माणसाचं शिक्षण, नोकरी, लग्न सगळं उरकतं. पात्रता मिळाली तीही आडवाटेने. आशियातल्या धाकट्या देशांसाठी चॅलेंज कप नावाची एक स्पर्धा होती. ती जिंकणाऱ्याला मोठ्या स्पर्धेचं दार उघडायचं. २००८ ला ती भारतात झाली. हैदराबादेत पावसाने मैदानाचा पार चिखल केला, म्हणून अंतिम सामना दिल्लीला आंबेडकर स्टेडियमवर हलवला. तिथे ताजिकिस्तानला आपण ४-१ असं हरवलं, त्यात सुनील छेत्रीची हॅटट्रिक. वासरांत शहाणे ठरलो आणि गायींच्या कळपात जायला मोकळे झालो.

कतारमध्ये गाठ पडली ऑस्ट्रेलिया, बहारीन आणि दक्षिण कोरियाशी. ०-४, २-५, १-४. आकडे वाचून वाटतं, काय बघायचं यात? पण बघायचं होतं. बहारीनने आठव्या मिनिटाला पेनल्टीवर गोल केला आणि नवव्या मिनिटाला गौरमांगीने तो फेडला. १९६४ च्या जूनमध्ये चुनीबाबूंनी केलेल्या गोलानंतर आशियाई चषकात भारताचा हा पहिला गोल. साडेसेहेचाळीस वर्षं थांबलो होतो, आणि बरोबरी उणीपुरी सात मिनिटं टिकली. मग इस्माईल अब्दुललतीफ नावाच्या गृहस्थांनी एकट्याने चार गोल केले. तरी उत्तरार्धात छेत्रीने एक गोल काढलाच. कोरियाविरुद्ध आपल्या गोलात सुब्रत पाल असा काही उड्या मारत होता की चार गोल खाऊनही कोरियन पत्रकारांनी त्याला ‘स्पायडरमॅन’ म्हटलं. हरलेल्या गोलरक्षकाला जिंकलेल्या देशाने नाव ठेवावं, तेही कौतुकाने, हे भाग्य क्रिकेटमध्ये कुणाला मिळालंय सांगा. त्या संघाच्या मधल्या फळीत गोव्याचा क्लायमॅक्स लॉरेन्स होता. आई-बापांनी असं नाव ठेवल्यावर पोराने निदान आशियाई चषकापर्यंत जायलाच हवं होतं. तो गेला.

२०१५ ला आपण नव्हतो. २०१९ ला होतो, आणि इथे मला जरा पाय पसरून बसू द्या.

६ जानेवारी २०१९, अबुधाबी. भारत ४, थायलंड १. छेत्रीचे दोन, एक पेनल्टीवर आणि एक उत्तरार्ध सुरू झाल्या झाल्या. मग थापाचा, मग जेजेचा. १९६४ नंतर ५५ वर्षांनी आशियाई चषकात विजय! छेत्रीचे देशासाठीचे गोल त्या दिवशी ६७ झाले, मेस्सीचे तेव्हा ६५ होते. आमच्या गल्लीतल्या अर्जेंटिनावाल्यांना हे मी तीन-तीनदा सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, एवढंच म्हणतो. थायलंडच्या संघटनेला मात्र भारताकडून चार गोल खाणं इतकं लागलं की त्यांनी दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षकाला घरी पाठवलं. त्या प्रशिक्षकांचं नाव मिलोवान रायेवाच. १९८४ ला एक मिलोवान आपल्याकडे होते, त्यांच्या कारकिर्दीत आपण एकही गोल केला नाही. २०१९ ला दुसरे मिलोवान समोर होते, त्यांची नोकरी आपण घालवली. असले योगायोग हेरायला इतिहास लहान लागतो. क्रिकेटवाल्याला एवढी सवड कुठली?

पुढच्या सामन्यात अमिरातीने ०-२ असं हरवलं. दोनदा आपला चेंडू गोलाच्या चौकटीवर आदळून परत आला, ते आम्ही जमेच्या बाजूला धरलं. उरला शेवटचा सामना, बहारीनशी, शारजात. तारीख १४ जानेवारी.

तो दिवस भोगीचा. सामना आपल्याकडे रात्री साडेनऊचा, त्यामुळे मंडळी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी जेवून, जरा सुस्तावूनच तालमीत आली होती. तात्यांनी कुठल्याशा हळदी-कुंकवाच्या पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर गटाचं गणित मांडलं होतं. चारही संघांना अजून संधी होती, पण आपलं गणित सगळ्यात सोपं. हरायचं नाही, बस. ०-० झालं की चार गुण, आणि तिकडे अमिराती-थायलंड काहीही होवो, आपण बाद फेरीत. भारतीय फुटबॉलच्या चाहत्याला एरवी इतकी सोपी गणितं सोडवायला मिळत नाहीत. आम्हाला सवय ती ‘अमका तमक्याला तीन गोलांनी हरवेल आणि तिसरा आजारी पडेल’ असल्या उदाहरणांची.

सामना बघण्यासारखा अजिबात नव्हता. बहारीन चढून येत होतं आणि आपले गडी बॉल मिळाला की आभाळात भिरकावत होते. तालमीत त्याला जोरदार दाद मिळत होती. ब्राझीलचा एखादा पास बघून जे ‘वाऽ’ म्हणतात ना, तसं ‘वाऽ’ आमच्याकडे बॉल प्रेक्षकांत गेला की निघायचं. एक पोरगं मोबाइलवर दुसरा सामना बघत होतं, तिथे १-१ होतं. त्याने जाहीर केलं, “तात्या, आपण दुसरे आहोत आत्ता!” तात्यांनी पत्रिकेवर आकडे ताडून मान हलवली. ऐंशी मिनिटं झाली. पंच्याऐंशी. कॅरमवाल्यांनीही खेळ थांबवला, एकाच्या हातात स्ट्रायकर तसाच. नव्वद.

एक्क्याण्णवाव्या मिनिटाला आपल्या पेनल्टी क्षेत्रात प्रणय हलदरने, त्या दिवशीच्या आपल्या कर्णधाराने, एका बहारीनवाल्याला पाय लावला. पंचाने ठिपक्याकडे बोट दाखवलं. जमाल रशीदने पेनल्टी मारली. ०-१. शिट्टी.

गटात आपण मिनिटाभरापूर्वी दुसरे होतो, ते आता चौथे होतो, म्हणजे शेवटचे. तिसऱ्या क्रमांकावरही थांबायची सोय झाली नाही. त्याच रात्री आपले प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाइन यांनी राजीनामा दिला. आमच्याकडे राजीनामा द्यायला कुणी नव्हतं. कॅरमवाल्याच्या हातातला स्ट्रायकर बोर्डावर पडला तेवढाच आवाज झाला. तात्यांनी पत्रिका घडी करून खिशात ठेवली आणि चप्पल शोधत म्हणाले, “संक्रांत उद्या हाय म्हणत हुती की रं घरात.”

पुढची स्पर्धा २०२४ च्या जानेवारीत, पुन्हा कतार. त्याबद्दल लांबण लावत नाही. ऑस्ट्रेलिया ०-२, उझबेकिस्तान ०-३, सीरिया ०-१. गोल नाही, गुण नाही. पहिल्या सामन्याची शिट्टी मात्र जपानच्या योशिमी यामाशिता यांच्या तोंडात होती, आणि पुरुषांच्या आशियाई चषकात सामना चालवणाऱ्या त्या पहिल्या महिला पंच. म्हणजे त्या स्पर्धेच्या एका विक्रमात आपण आहोतच, मैदानावर हजर होतो म्हणून.

आता कुणी म्हणेल, बारा पराभव तोंडपाठ करणारी माणसं ही कसली? तर तात्यांनी यावर एक सिद्धांत काढला आहे. पराभवाची किंमत आपल्यावर नसते, हरवणाऱ्यावर असते. आपल्याला हरवून तो पुढे कुठवर गेला ते बघायचं. १९६४ ला इस्रायलने हरवलं, ते विजेते. १९८४ ला चीनने हरवलं, ते उपविजेते. २०११ ला ऑस्ट्रेलियाने हरवलं, ते उपविजेते, आणि कोरिया तिसरा. २०१९ ला अमिराती उपांत्य फेरीत गेली, बहारीनही बाद फेरीत गेलं. २०२४ ला ऑस्ट्रेलिया आणि उझबेकिस्तान दोघंही उपांत्यपूर्व फेरीत. सीरिया तर इतक्या वर्षांत प्रथमच बाद फेरी गाठू शकला, आणि ती आपल्याला हरवून. “आपण ऐऱ्यागैऱ्याकडनं हरत न्हाई,” तात्या ठणकावून सांगतात. १९८४ च्या सिंगापूरचं काय, असं मी एकदाच विचारलं होतं. तेव्हा तात्यांना अचानक घरी काम निघालं.

या सिद्धांतामुळे आमच्या स्पर्धा मात्र लांबल्या आहेत. भारत गटातच बाद होतो, पण आम्ही अंतिम सामन्यापर्यंत जागे असतो. २०२४ ला भारत परत आल्यानंतर आम्ही सीरियाच्या बाजूने बसलो होतो. सीरियाने इराणला पेनल्ट्यांपर्यंत ताणलं आणि तिथे हरला. तात्यांना वाईट वाटलं. सीरिया पुढे गेला असता तर आपला ०-१ आणखी चमकला असता.

आणि आता २०२७. स्पर्धा सौदी अरेबियात आहे. पात्रतेच्या गटात आपल्यासोबत हाँगकाँग, सिंगापूर आणि बांगलादेश. गट बघून आम्ही दोघांनी निःश्वास सोडला होता. हाँगकाँगला आपण १९६४ ला हरवलंय, ही आमची तयारी. निवृत्त झालेला छेत्री चाळिशीत परत आला, त्याअर्थी परिस्थिती काय होती ते ओळखायला हवं होतं. शिलाँगला बांगलादेशशी ०-०. हाँगकाँगला जाऊन ०-१, पुन्हा सामना संपता संपता आणि पुन्हा पेनल्टीच. प्रशिक्षक बदलले. मुंबईच्या मैदानांवर खेळून आणि शिकवून मुरलेले खालिद जमील आले. सिंगापुरात जाऊन १-१ केलं, तो गोलही रहीम अलीने अगदी अखेरीस काढलेला.

मग १४ ऑक्टोबर २०२५ ला सिंगापूरचा संघ आपल्याकडे आला, गोव्याला, मडगावच्या फातोर्ड्यावर. दिवाळी तोंडावर. तालमीतली चार पोरं आंबोलीच्या घाटाने गाडी काढून गेली. तात्यांनाही जायचं होतं, पण घाटातली वळणं आणि फातोर्ड्याच्या पायऱ्या या दोन्हींना त्यांच्या गुडघ्यांनी नकार कळवला. टीव्हीवर बघितलं. चौदाव्या मिनिटाला छांगटेने लांबून असा काही बॉल मारला की तात्या गुडघे विसरून उभे राहिले. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरच्या सॉन्ग उइ-यंगने बरोबरी केली आणि उत्तरार्धात दुसराही त्यानेच मारला. हा सॉन्ग मूळचा दक्षिण कोरियाचा, सिंगापूरचा नागरिक झालेला. १-२. गटातले दोन सामने बाकी असतानाच २०२७ चं दार बंद.

त्या स्टेडियमचं पूर्ण नाव पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम. मी तात्यांना २७ मे १९६४ ची आठवण करून दिली. ते म्हणाले, “त्या माणसाचा आन् आपल्या फुटबॉलचा कायतरी योग हाय बघ,” आणि टीव्ही बंद करायला लावला. महिन्याभरात सिंगापूर हाँगकाँगला हरवून सौदीला पात्रही ठरलं. आजवर सिंगापूर या स्पर्धेत एकदाच खेळलंय, १९८४ ला, तेही यजमान म्हणून. आणि त्या चार सामन्यांतला त्यांचा एकमेव विजय कुणावरचा, हे आता सांगायला नको. म्हणजे त्यांचा इतिहास तर आमच्याहून लहान, आणि त्यातली चांगली पानं सगळी आमच्याच खर्चाने छापलेली.

मला वाटलं होतं, तात्या या वेळी आशियाई चषकाकडे पाठ फिरवतील. पण परवा तालमीत गेलो तर ते कॅरमच्या पोरांना सिंगापूर नकाशावर कुठे येतं ते दाखवत होते. सिद्धांत त्यांना सोडवत नाही. सिंगापूर जितकं पुढे जाईल, तितका फातोर्ड्याचा १-२ भारी ठरणार. शिवाय उपांत्य फेरी वगैरे गाठलीच, तर १९८४ चा जुना डागही मागच्या मागे धुऊन निघेल, असा त्यांचा दुहेरी डाव आहे.

“तेंचा गोलकीपर कसा हाय रं?” त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, “बरा आहे, तात्या.”

“बरा म्हंजे? नाव काय त्याचं? लिहून आण. आन् अकराच्या अकरा आण, पाठ कराय पायजेत.”